दाराआड कुणीतरी आहे: १९३२ चा ‘व्हॅम्पिर’ कसा पाहावा

नदीच्या पाण्यात एका माणसाचं प्रतिबिंब काठाकाठानं पळत जातं. काठावर मात्र कुणीच नाही. थोड्या वेळानं एक सावली फावड्यानं माती खणताना दिसते, पण माती खड्ड्यातून बाहेर पडायच्या ऐवजी हवेतून उलटी येऊन फावड्यावर बसते. मग लाकडी पायाच्या एका शिपायाची सावली एकटीच फिरून येते, बाकावर बसलेल्या खऱ्याखुऱ्या शिपायाजवळ जाते आणि त्याला चिकटून बसते. कुठे गेली होतीस, असं तो विचारत नाही. जणू हे रोजचंच.

आपल्याकडे लहानपणी भुताची खूण सांगितली जायची ती अशी, की त्याची सावली पडत नाही. इथे नेमकं उलट आहे. सावल्या आहेत, माणसं नाहीत.

हा चित्रपट म्हणजे ‘व्हॅम्पिर’. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडर ड्रेयर यांनी तो १९३० ते ३१ या काळात फ्रान्समध्ये चित्रित केला आणि १९३२ मध्ये तो बर्लिनला प्रदर्शित झाला. रक्तपिपासू पिशाच्चांचे जुने चित्रपट म्हटलं की १९२२ चा जर्मन ‘नोस्फेरातू’ किंवा १९३१ चा अमेरिकी ‘ड्रॅक्युला’ ही नावं लगेच येतात. ‘व्हॅम्पिर’चं नाव त्यांच्यामागे राहून जातं. माझ्या मते या तिघांत अंगावर खरा काटा आणणारा हाच. पण तो सहजासहजी हाती लागत नाही, हेही खरं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्ध्या तासानंतर गोंधळून बंद केला होता. कोण कुणाचं काय लागतं, हा माणूस या घरात आला कसा, काहीच कळेना. दुसऱ्यांदा, रात्री, दिवे बंद करून सलग पाहिला आणि मग लक्षात आलं की तो गोंधळ मुद्दाम घातलेला आहे. तो कशासाठी घातलाय आणि कसा घातलाय, हे एकदा समजलं की चित्रपट उघडत जातो.

आधी गोष्ट सांगून टाकतो. या चित्रपटाचं मर्म ‘पुढे काय होतं’ यात नाही, त्यामुळे गोष्ट आधी कळल्यानं पाहणाऱ्याचं काही बिघडत नाही.

अ‍ॅलन ग्रे नावाचा एक तरुण. भूतपिशाच्चांच्या पुराणकथा वाचून वाचून तो कायम स्वप्नात असल्यासारखा वावरतो. एका संध्याकाळी नदीकाठच्या खाणावळीत तो मुक्कामाला येतो. रात्री खोलीच्या कुलपात किल्ली फिरते, घरगुती झग्यातला एक म्हातारा आत येतो, ‘तिला मरू देता कामा नये’ असं काहीसं बोलतो, टेबलावर एक पुडकं ठेवतो आणि त्यावर लिहितो: माझ्या मृत्यूनंतर उघडावं. मग निघून जातो. हा म्हातारा म्हणजे जवळच्या गढीचा मालक. त्याला दोन मुली, लेओन आणि जिझेल. लेओन अंथरुणाला खिळली आहे, दिवसेंदिवस पांढरी पडत चालली आहे. ग्रे सावल्यांच्या मागे मागे जात गढीपर्यंत पोचतो, त्याच्या डोळ्यांदेखत मालकाचा खून होतो आणि मग ते पुडकं उघडलं जातं. आत एक पुस्तक निघतं, पिशाच्चांच्या इतिहासाचं.

या पुस्तकाची पानं पडद्यावर बराच वेळ दिसत राहतात आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं लक्ष उडतं. मूकपटातल्या पाट्या समजून लोक ती वाचायचं टाळतात. पण कथेची किल्ली त्यातच आहे. पुस्तक सांगतं की पिशाच्च म्हणजे पापात मेलेला, थडग्यात शांत न झालेला माणूस. तो जिवंतांचं रक्त शोषतो आणि जिवंतांपैकी काहींना आपलं दास करून घेतो. त्याचं शेवटचं उद्दिष्ट मात्र रक्त नाही. ज्याला त्यानं पछाडलंय त्यानं स्वतःच्या हातानं जीव द्यावा, म्हणजे त्याचा आत्मा कायमचा सैतानाच्या ताब्यात जातो. हे वाचलेलं असलं तरच पुढे गावचा डॉक्टर लेओनच्या उशाशी विषाची बाटली का ठेवून जातो, ते कळतं. त्याला तिला विष पाजायचं नाहीये. ती बाटली तिनं आपणहून उचलावी, याची तो वाट बघतोय. मला तर सुळ्यांच्या दातांपेक्षा ती छोटी बाटली जास्त भयंकर वाटते.

आणि पिशाच्च कोण? मार्गरीत शोपाँ नावाची एक म्हातारी. काळा पायघोळ डगला, हातात काठी, चालणं जड. सुंदर नाही, उडत नाही, वटवाघूळ होत नाही. गावातली कुणीही वयस्क बाई वाटावी अशी. शेरिडन लेफॅन्यू या आयरिश लेखकाच्या १८७२ च्या ‘इन अ ग्लास डार्कली’ या कथासंग्रहावरून हा चित्रपट बेतला आहे असं श्रेयनामावलीत म्हटलंय, आणि त्यातल्या ‘कार्मिला’ या कथेत पिशाच्च एक देखणी तरुणी आहे. ड्रेयर यांनी तिची म्हातारी केली. कथेतलं फारसं काही त्यांनी ठेवलंच नाही. बाईनं बाईचं रक्त प्यावं ही कल्पना, आणि दुसऱ्या एका कथेतलं जिवंतपणी शवपेटीत बंद होणं, एवढंच उचललं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ड्रेयर यांनी चित्रीकरणाच्या वेळी आपल्या माणसांना एक गोष्ट समजावून सांगितली होती. तिचा आशय असा: आपण एका साध्या खोलीत बसलो आहोत. कुणीतरी येऊन सांगतं की या दाराआड एक मढं आहे. त्या क्षणी खोली बदलते. तेच टेबल, तीच खुर्ची, तोच उजेड, पण आता सगळं वेगळं दिसतं. बदललेलो असतो आपण, वस्तू नाहीत. मला माझ्या चित्रपटात हा परिणाम हवा आहे.

सबंध ‘व्हॅम्पिर’ या एका कल्पनेवर उभा आहे. त्यात कुणी अंगावर झेप घेत नाही. स्वयंपाकघर, जिना, खिडकी, गिरणी, दवाखाना, सगळं ओळखीचं. फक्त प्रत्येक गोष्टीत थोडी खोट आहे.

ही खोट आणायला त्यांनी चित्रपटाची एकेक शिवण उसवली. एरवी पडद्यावर माणूस आणि त्याची सावली, बोलणं आणि बोलणारा, कॅमेरा आणि ज्याच्या नजरेतून आपण पाहतोय तो, या जोड्या घट्ट बांधलेल्या असतात. इतक्या घट्ट, की त्या बांधलेल्या आहेत हेच आपल्याला जाणवत नाही. ड्रेयर त्या गाठी सोडतात. सावली देहापासून सुटते, ते वर सांगितलंच. तसाच कॅमेराही सुटतो. ग्रे एका दिशेला बघतो, कॅमेरा त्या दिशेनं हळूहळू सरकू लागतो, आपण धरून चालतो की हे ग्रेच्या डोळ्यांनी दिसतंय. आणि मग चौकटीच्या दुसऱ्याच बाजूनं खुद्द ग्रे आत येतो. मग इतका वेळ बघत कोण होतं? या प्रश्नाचं उत्तर चित्रपट देत नाही, आणि पाहणाऱ्याच्या मानेमागे जी थंडी वाजते ती याच जागी. पहिल्या वेळी मी जिथे ‘संकलन चुकलंय’ असं समजलो होतो, त्या या जागा होत्या.

दिसण्याचंही तसंच. या चित्रपटात काळा रंग फारसा काळा नाही आणि पांढरा पुरता पांढरा नाही. सगळीकडे करडं, दुधाळ धुकं. याची हकिगत मोठी छान आहे. सुरुवातीला काढलेल्या एका दृश्याची फिल्म धुऊन आली ती करडी, फिकट. कॅमेऱ्याच्या भिंगावर कुठूनतरी नको तो उजेड पडला होता. एरवी असा तुकडा फेकून देतात. ड्रेयर आणि छायालेखक रुडॉल्फ माते यांनी तो बघितला आणि ठरवलं की आपल्याला हेच हवंय. मग माते भिंगापुढे थोड्या अंतरावर तलम जाळीदार कापड धरून त्यावर उजेड पाडायचे, म्हणजे तो उजेड परतून भिंगावर येई आणि चित्र धुरकट होई. अपघातानं मिळालेली गोष्ट रोज कष्टानं पुन्हा घडवायची, हे सोपं काम नाही. बाहेरची पुष्कळ दृश्यं त्यांनी भल्या पहाटे घेतली, म्हणून चित्रपटातली रात्रसुद्धा रात्र वाटत नाही आणि दिवस दिवस वाटत नाही. झुंजूमुंजू होतानाची ती वेळ, जेव्हा लांबचं झाड माणसासारखं दिसतं, ती सबंध चित्रपटभर टिकून आहे.

स्टुडिओ नव्हताच. पॅरिसच्या दक्षिणेकडच्या कूर्तांपिएर गावात आणि आसपास खऱ्या जागी काम चाललं. कलादिग्दर्शक हेरमान वार्म. ‘डॉ. कॅलिगारी’ या जर्मन मूकपटाच्या वाकड्यातिकड्या रंगवलेल्या भिंती उभ्या करणाऱ्यांपैकी एक. इथे त्यांनी भिंती रंगवल्या नाहीत, खऱ्याच शोधल्या. पडीक इमारतीतल्या पांढऱ्या भिंतींवर जेव्हा सावल्यांचं नाचगाणं रंगतं आणि म्हातारी एका शब्दात ओरडून ते गप्प करते, तेव्हा त्या भिंतींचा पोपडा आलेला चुना स्पष्ट दिसतो. भय खरं वाटतं ते त्या चुन्यामुळे.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपल्या मराठी चित्रपटाशी एक धागा जुळतो. बोलपट नुकताच आला होता आणि सगळ्या जगातल्या निर्मात्यांपुढे एकच पेच होता: मूकपट कुठेही चालायचा, नुसत्या पाट्या बदलल्या की झालं, आता भाषेचं काय करायचं? फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तो कोल्हापुरात मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित करून. ड्रेयर यांचा मार्ग वेगळा. त्यांनी कॅमेरा मूकपटासारखाच चालवला, आवाज न घेता. पण जिथे संवाद आहे तिथे नटांकडून तेच वाक्य जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ओठ हलवून म्हणवून घेतलं, आणि आवाज नंतर बर्लिनला बसवला. हे जिकिरीचं होतं, म्हणून संवाद कमीत कमी ठेवले.

अडचणीतून जे आलं ते चित्रपटाच्या स्वभावात इतकं मुरलं की वेगळं काढता येत नाही. माणसं थोडी उशिरा, थोडी लांबून बोलल्यासारखी वाटतात, झोपेत ऐकू यावं तशी. मध्येच कुठेतरी मूल रडतं, कुत्री भुंकतात. ग्रे डॉक्टरला विचारतो, तेव्हा डॉक्टर म्हणतो, इथे मूल नाही आणि कुत्रीही नाहीत. आपण तर आत्ताच ऐकलं! सावली सुटली, नजर सुटली, आता कानांचाही भरवसा गेला.

नटांपैकी बहुतेकजण नट नव्हतेच. डॉक्टरचं काम करणारे यान हिएरोनिम्को पोलिश पत्रकार. पॅरिसच्या मेट्रोत त्यांचा चेहरा नजरेत भरला आणि त्यांना विचारण्यात आलं. पांढरे पिंजारलेले केस, जाड चष्मा, विसराळू आजोबांसारखं दिसणं. असा माणूस विषाची बाटली ठेवून जातो. आणि अ‍ॅलन ग्रे? ते निकोला द गुन्झबुर्ग, एक श्रीमंत सरदारपुत्र. चित्रपटाला पैसा त्यांनीच पुरवला, त्या बदल्यात मुख्य भूमिका मागून घेतली आणि घरच्यांना नाव कळू नये म्हणून ज्युलियन वेस्ट या नावानं काम केलं. पुढे अमेरिकेत ते फॅशनच्या नियतकालिकांचे मोठे संपादक झाले. त्यांना अभिनय येत नाही अशी तक्रार मी अनेकदा वाचली आहे. मला ती पटत नाही. ग्रेला काही करायचंच नाहीये, त्याला फक्त बघायचंय. मोठ्या डोळ्यांचा, थोडा हरवलेला तो चेहरा तेवढं काम चोख करतो.

जिथे खरा अभिनय लागणार होता तिथे मात्र ड्रेयर यांनी तयारीची नटी घेतली. लेओनच्या भूमिकेत सिबिले श्मिट्झ. म्हातारीनं तिचं रक्त प्याल्यानंतरचं एक दृश्य आहे, त्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. लेओन खाटेवर आहे. आधी ती रडते, मरून गेले तर बरं म्हणते. मग कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. रडू ओसरतं. डोळे हळूहळू वर येतात. ओठ मागे सरतात, दात दिसू लागतात, आणि तिची नजर शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीवर जाऊन थांबते, तिच्याबरोबर सरकत राहते. ते हसू आहे खरं, पण भुकेचं. जिझेल नकळत मागे सरते. ना रंगरंगोटी, ना खोटे सुळे. एका माणसाच्या चेहऱ्यावर दुसरंच कुणीतरी येऊन बसतं आणि थोड्या वेळानं उठून जातं. घरात कुणाला झपाटलेलं पाहिलेल्या जुन्या बायका ज्या दबक्या आवाजात ते सांगायच्या, तो आवाज मला या दृश्यात ऐकू येतो.

आणि मग शवपेटी. लेओनला रक्त देऊन ग्रे गळून गेलेला आहे. बागेतल्या बाकावर बसतो आणि त्याच्यातून त्याचाच एक पारदर्शक देह उठून चालू लागतो. एका घरात त्याला एक शवपेटी सापडते. तिच्या झाकणाला चेहऱ्याच्या जागी काचेची खिडकी आहे. आत तो स्वतःच, डोळे सताड उघडे. इथपर्यंत आपण बाहेरून बघत असतो. पुढच्या क्षणी आपण पेटीच्या आत असतो.

झाकण बसतं. स्क्रू पिळले जातात. काचेवर कुणीतरी मेणबत्ती ठेवतं आणि वितळलेलं मेण आपल्या चेहऱ्यावर पडावं तसं काचेवर पडतं. म्हातारी वाकून आत बघते, म्हणजे आपल्याकडे बघते. मग पेटी उचलली जाते, चौकट वरखाली हलू लागते, छत सरकतं, दाराची कमान सरकते, आणि नंतर नुसतं आभाळ, झाडांचे शेंडे, चर्चचं टोक, सगळं पाठीवर पडून पाहिलेलं. चर्चची घंटा वाजते. कुणी ओरडत नाही, कारण ओरडायला तोंड नाही. इतका वेळ जी नजर कुणाची ते कळत नव्हतं, ती आता पहिल्यांदाच एका ठिकाणी पक्की बसते, आणि ती जागा मेलेल्या माणसाची असते. पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा हे दृश्य संपेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो.

एवढं सगळं असून चित्रपट पडला, आणि वाईट पडला. वितरण करणाऱ्या ‘उफा’ या जर्मन कंपनीनं तो लांबणीवर टाकला, तोवर अमेरिकेचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुढे निघून गेले. ६ मे १९३२ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जर्मन सेन्सॉरनं म्हातारीच्या छातीत लोखंडी पहार ठोकण्याचं आणि डॉक्टरच्या मृत्यूचं दृश्य कापायला लावलं. व्हिएन्नात लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले, ते मिळेनात म्हणून दंगा झाला आणि पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. ड्रेयर मनानं खचले, उपचार घ्यावे लागले. ज्यांनी चार वर्षांपूर्वीच जोन ऑफ आर्कवरचा आपला जगप्रसिद्ध मूकपट दिला होता, त्या माणसाचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट यायला १९४३ उजाडलं. मधली वर्षं ते पुन्हा वर्तमानपत्रात लिहीत होते. या एका गोष्टीनं मला फार वाईट वाटतं. त्या अकरा वर्षांत काय काय झालं असतं!

मूळ निगेटिव्ह टिकली नाही. आज आपण जी चांगली प्रत बघतो ती १९९८ मध्ये, जर्मन आणि फ्रेंच प्रती जुळवून केलेल्या जीर्णोद्धारातून आली. म्हणून बघायचाच तर तीच शोधा. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या जुन्या प्रती इतक्या खराब आहेत की माते यांनी जाळीतून मेहनतीनं आणलेलं धुकं आणि फिल्मवरचे डाग यांत फरक कळत नाही. लांबी जेमतेम सव्वा तास. रात्री बघा, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पुस्तकाची पानं आली की वाचा. गोंधळ झाला तर मागे जाऊन बघू नका, तसेच पुढे जा.

सेन्सॉरला न रुचलेलं डॉक्टरचं मरण शेवटी येतं. पळता पळता तो पिठाच्या गिरणीत शिरतो आणि जाळीच्या दाराआड कोंडला जातो. वरून पीठ पडू लागतं. पांढरंशुभ्र, मऊ, ज्याची भाकरी होते ते पीठ. पावलं बुडतात, गुडघे बुडतात, तो जाळीला धरून वर बघतो, आणि पीठ पडतच राहतं. पिशाच्चांच्या चित्रपटात मरण अंधारातून येईल असं आपण धरून बसलेलो असतो. इथे ते उजेडाच्या रंगाचं आहे. तिकडे ग्रे आणि जिझेल धुक्यातून नाव वल्हवत पलीकडच्या काठाला लागतात, झाडांतून ऊन उतरलेलं असतं. पण ड्रेयर शेवट त्यांच्यावर करत नाहीत. ते परत गिरणीत येतात. दातेरी चाकं फिरतायत, मंदावतात आणि थांबतात.